पुलापलीकडचं बटण

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

नवी वही. जुन्या वहीत पानोपानी तीच होती, म्हणून ती वही कपाटावर भिरकावली. आता हाताला येत नाही. स्टुलावर चढलं तर येते. चढून पाहिलं, येते. असो.

निश्चय: संतापायचं नाही. तिला फोन करायचा नाही. तिने केलाच तर तीन रिंग होऊ द्यायच्या आणि मग उचलायचा. कॉलेजात पुन्हा प्रवेश घेण्याचा फॉर्म भरायचा. मुदत ११ एप्रिल. चिक्कार वेळ आहे.

संध्याकाळी ६.३०

नोकरीला आज तीन महिने झाले. कुणी म्हटलं नाही, मीच मनात म्हटलं. आमच्या विभागाचं नाव 'ग्राहकस्नेह'. गाण्यांच्या अ‍ॅपचं सभासदत्व ज्यांना सोडायचंय ते इथे फोन करतात आणि आम्ही त्यांना सोडू देत नाही. तीन प्रश्न विचारायचे. तिन्हींना पुरून उरला तर जाऊ द्यायचं, तेही हळहळत.

नदीपलीकडे हा प्रकार नाही. तिकडचं सरकार वेगळं, कायदा वेगळा. घ्यायला जितकं सोपं, सोडायलाही तितकंच सोपं हवं, असा तिकडे नियम. म्हणून तिकडच्या स्क्रीनवर एक लाल बटण असतं: 'सभासदत्व सोडा'. दाबलं की सुटलं. अ‍ॅप तेच, गाणी तीच, कंपनी तीच. इकडे बटणाच्या जागी आमचा फोन नंबर. ट्रेनिंगच्या पुस्तिकेत पान नऊ पलीकडच्यांसाठी: 'ग्राहकाच्या इच्छेचा मान राखावा.' पान दहा अलीकडच्यांसाठी: 'ग्राहकास लाइनवर ठेवावे.'

मला यात काही गैर वाटत नाही. बटण दाबून जाणं म्हणजे न सांगता उठून जाणं. आम्ही निदान विचारतो तरी.

५ मार्च, बुधवार

तिच्याबद्दल या वहीत एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपला.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलाला होती. दुसऱ्या वर्षी सर मला म्हणाले, तुझी रीडिंग कॉपी केलेली आहेत. साफ खोटं. ती तिने आपणहून दाखवली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अ‍ॅप्रन टेबलावर आपटला आणि कॉलेज सोडलं. जिना मुद्दाम हळू उतरलो, कुणी हाक मारेल म्हणून. दोन मजले आहेत. तळमजल्यावर बुटाची नाडीही बांधली. दोन्ही पायांची.

ऑक्टोबरात तीही म्हणाली की असं नाही जमणार. बसस्टॉपवर. मी म्हटलं, जाण्याआधी एवढंच सांग, माझ्यासोबत तुला कधीच बरं वाटलं नाही का? ती म्हणाली, "आता पुरे." आणि बसमध्ये चढली.

'आता पुरे' म्हणजे आजच्यापुरतं पुरे. मराठी सरळ आहे.

आणि पुरावा आहे. आम्ही दोघांनी अ‍ॅपवर दोघांचा प्लॅन घेतला होता. दोघांची मिळून एक यादी, दोनशे चौदा गाणी. आज पाच महिने झाले, प्लॅनच्या पानावर अजून लिहिलेलं आहे: सभासद २. जिला जायचं असतं ती राहते का? यादीत तिने नवीन गाणं टाकलेलं नाही, पण जुनं काढलेलंही नाही. याला संयम म्हणतात.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिचा खातेउतारा एका मिनिटात बघता येईल. पण ओळखीच्या माणसाचं खातं उघडायचं नाही असा नियम आहे आणि मी तत्त्वाचा माणूस आहे.

७ मार्च, शुक्रवार

आज माझा सत्कार झाला.

झालं असं. सकाळी एक बाई सोडायचंच म्हणून हटून बसल्या होत्या. तिसरा प्रश्न छापील आहे, 'आमच्या सेवेत आपणास कोणती त्रुटी आढळली?' तो विचारायच्या जागी माझ्या तोंडून निघून गेलं, "जाण्याआधी एवढंच सांगा, इथे तुम्हाला कधीच बरं वाटलं नाही का?" बाई गप्प. मग म्हणाल्या, तसं नाही हो. आणि राहिल्या. दुपारपर्यंत अकरा जणांना विचारलं, सात राहिले.

साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं. संध्याकाळी तो प्रश्न छापून पंधराही टेबलांवर चिकटवला. मला एक मग दिला, त्यावर कंपनीचं चिन्ह. शेजारच्या टेबलावरच्या मावशी (वयाने मोठ्या, म्हणून सगळे मावशीच म्हणतात) शब्दकोड्यातून मान वर करून म्हणाल्या, वाक्य चांगलं आहे रे, कुणाला म्हणाला होतास?

मी म्हटलं, सुचलं.

९ मार्च, रविवार

आईचा फोन. जेवलास का, फॉर्म भरलास का, येऊ का चार दिवस? तीनच प्रश्न. आईला कंपनीत घेतलं तर एक गिऱ्हाईक जाणार नाही. म्हटलं, कामात आहे, उद्या करतो. कामात नव्हतो. स्टुलावर होतो.

१२ मार्च, बुधवार. दुपार

कॉलेजातला मित्र, लंबू, फोनवर बोलता बोलता बोलून गेला की तिला नदीपलीकडे नोकरी लागली. पिण्याच्या पाण्याची तपासणी करणारी लॅब. १ एप्रिलला जातेय. मला वाटलं तुला माहीत असेल, असंही म्हणाला. मी म्हटलं, अर्थात माहीत आहे.

निश्चय क्रमांक एक मोडला. खुर्चीला लाथ. अंगठा सुजलाय.

संध्याकाळ

अंगठा पाण्यात बुडवून बसलो असता लख्ख उजेड पडला. पलीकडे गेली की तिला बटण मिळणार!

आजवर ती प्लॅनमध्ये राहिली याचा अर्थ कुणीही काढू शकतो. म्हणेल, कंटाळा असेल, फोन कोण करत बसतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं तशीच राहिलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीसारखी. पण ज्याच्यासमोर दार सताड उघडं आहे आणि तरी जो बसून आहे, तो मनाने बसलेला. तिच्यासमोर बटण येईल आणि ती दाबणार नाही. मग लंबूलाही बोलायला तोंड राहणार नाही.

पण १ एप्रिलपर्यंत थांबायचं का? बटण इकडेच आणता येईल.

१३ मार्च, गुरुवार

साहेबांना अर्ज दिला. विषय: लाल बटण पुलाच्या अलीकडेही देणेबाबत. दीड पान, त्यात 'अन्याय' चार वेळा.

साहेब आधी हसले. मग म्हणाले की बटण तयारच आहे, इकडच्या अ‍ॅपमध्येही आहे, फक्त झाकलेलं आहे. त्यांच्या स्क्रीनवर एका चौकोनात टिकमार्क केली की सगळ्यांना दिसेल. तो चौकोनही दाखवला. नखाएवढा.

मी म्हटलं, मग करा ना टिकमार्क. ते म्हणाले, कायदा कुठाय? मी म्हटलं, चांगलं वागायला कायदा कशाला लागतो? ते म्हणाले, बाळा, तुझंच वाक्य लावलंय पंधरा टेबलांवर. माणसं आपणहून राहतायत. आता बटण कशाला?

मी टेबलावर मूठ आपटली. मग पडला. कान तुटला. मगचा.

१८ मार्च, मंगळवार

सह्यांची मोहीम. पंधरा टेबलं फिरलो. दोन सह्या, त्यातली एक माझी. दुसरी मावशींची, पेन्सिलने. त्या म्हणाल्या, बटण आलं तर आपण पंधरा जण घरी, कळतंय का तुला? मी म्हटलं, तत्त्वासाठी किंमत द्यावी लागते. त्या म्हणाल्या, म्हणूनच पेन्सिल वापरली.

मग चिकटवला. कान उलटा बसला.

२१ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो, तर तो बसस्टॉप लागला. तिथे जायचं म्हणून गेलो नव्हतो. दोन बस बदलून मोकळे करावे लागतात पाय कधी कधी.

सव्वा तास उभा होतो. एका काकांनी विचारलं, कोणती बस हवी? म्हटलं, पुढची. सहा बस गेल्यावर काकाच गेले.

२६ मार्च, बुधवार

ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं एक सरकारी कार्यालय असतं म्हणे. वेबसाइटवर फॉर्म भरायला घेतला. सगळी माहिती भरली, अन्यायाचं वर्णन केलं, पत्ता टाकला. उत्तर: 'ही सुविधा आपल्या विभागात उपलब्ध नाही. कृपया फोन करावा.' फोन केला. बासरी लागली. चाळीस मिनिटं बासरी. मधून मधून एक बाई सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. माझ्याशी कुणी इतक्या मऊ आवाजात बोलून बरेच दिवस झाले होते. ठेवला नाही फोन.

२८ मार्च, शुक्रवार

आज मावशींना सगळं सांगितलं. दुपारच्या सुट्टीत, जिन्यात. दोघांचा प्लॅन, दोनशे चौदा गाणी, बटण येईल आणि ती दाबणार नाही, हा माझा सिद्धांत. त्या कोडं बाजूला ठेवून ऐकत होत्या. मग विचारलं, ती मुलगी पाण्याच्या लॅबमध्ये लागणार आहे का रे? दोघांचा प्लॅन, यादीत दोनशे चौदा?

मी म्हटलं, हो. तुम्हाला कसं माहीत?

मावशींनी दोन्हीकडे पाहिलं. सांगायची परवानगी नसते. म्हणाल्या, "अरे, चार वेळा फोन केलाय तिने. सोडायचंय म्हणून. शेवटच्या दोन वेळा मीच घेतला."

खात्यावरच्या नोंदींप्रमाणे पहिल्यांदा, नोव्हेंबरात, होल्डवर कंटाळून तिनेच ठेवला. दुसऱ्यांदा नियमाप्रमाणे दुसऱ्या सभासदाच्या संमतीचा कोड पाठवला गेला. तो माझ्या फोनवर आला असणार. (आला होता. फसवणूक समजून पुसला. मी सावध माणूस आहे.) तिसऱ्यांदा नोकरीमुळे पलीकडे जाते आहे असं ती सांगत होती, तर मावशींना पत्त्याचा पुरावा मागावा लागला. आणि चौथ्यांदा, याच महिन्यात, मावशींनी टेबलावर चिकटवलेला प्रश्न वाचून दाखवला.

मी विचारलं, मग?

"मग म्हणाली, हे वाक्य कुणाचं आहे ते मला माहितीये. आणि ठेवला फोन."

मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, सोड आता.

संध्याकाळ

मावशींना एकच बाजू दिसली. शब्दकोडी सोडवणाऱ्यांचं असंच होतं, चौकोनात बसेल तेवढंच उत्तर.

माझी बाजू. मी इथे काम करतो हे लंबूने तिला सांगितलेलं आहे. इथे पंधरा टेबलं. कॉल कुणालाही लागतो. तिने चार वेळा नशीब आजमावलं. पहिला फोन नोव्हेंबरातला, मी लागलो डिसेंबरात, हे खरं. पण बाकीचे तीन आहेत ना. आणि चौथ्या वेळी माझं वाक्य ऐकलं आणि फोन ठेवला. म्हणजे सोडलं नाही! अकरातले सात राहतात. ती आठवी.

झोप छान लागणार.

१ एप्रिल, मंगळवार

ती गेली. म्हणजे नदीपलीकडे. लंबू सामान चढवायला गेला होता. मला का बोलावलं नाही विचारलं, तर म्हणाला, दोन खोकी आणि एक पंखा, एवढंच होतं.

प्लॅनचं पान: सभासद २.

बटण तिच्या हातात आहे.

२ एप्रिल, बुधवार

सभासद २.

४ एप्रिल, शुक्रवार

सभासद २! चार दिवस. समोर लाल बटण आणि बोट लावत नाही. मावशींना पान दाखवलं. त्या नुसता चष्मा पुसत बसल्या. हरल्यावर माणूस चष्मा पुसतो.

साहेबांनाही विनाकारण गुड मॉर्निंग केलं. आज नऊ गिऱ्हाइकं राखली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बायको गेली, आता दोघांचा प्लॅन काय करायचा. मी माझं वाक्य विचारलं. ते रडले आणि राहिले. कॉलनंतर थोडा वेळ हेडफोन काढून बसलो. का ते कळलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

खोली झाडली. खालच्या सायकलवाल्याकडून खिडकीच्या बिजागरीला तेल आणलं. दोन नवे कप घेतले, कान जागच्या जागी असलेले. पुढच्या रविवारी, १३ तारखेला, पूल ओलांडून पलीकडे जायचं. आगाऊ कळवायचं नाही. तिच्या लॅबसमोर उभं राहून सांगायचं की सर्व कळलं आहे. शर्ट: निळा. (तिला आवडायचा. एकदा म्हणाली होती, हा त्यातल्या त्यात बरा आहे.)

फॉर्मचंही आता हसत हसत होऊन जाईल. सहा दिवस आहेत.

६ एप्रिल, रविवार

आईला सांगितलं, लवकरच एक गोड बातमी देतो. आई म्हणाली, भरलास फॉर्म? या पिढीला प्रेमाशिवाय काही सुचत नाही आणि त्या पिढीला फॉर्मशिवाय.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी १०.२५

ऑफिसच्या बाथरूममध्ये लिहितोय. फोनवर मेसेज आला, जसाच्या तसा:

'आपल्या दोघांच्या प्लॅनमधील एक सभासद बाहेर पडला आहे. सदर सभासदाच्या विभागातील कायद्यानुसार आपणास पुढील तपशील कळवणे आवश्यक आहे. नवा पत्ता मान्य: १०.११. सोडण्याची सुविधा उपलब्ध: १०.११. सुविधेचा वापर: १०.११.'

संध्याकाळ

पत्ता बदलला की पडताळणीला कामाचे पाच दिवस लागतात. हे मी रोज वीस जणांना सांगतो. तोंडपाठ आहे. स्वतःला सांगायचं राहिलं. १ तारखेपासून मोजले: मंगळ, बुध, गुरू, शुक्र, सोम. आज मंगळवारी सकाळी तिला बटण दिसलं. आठवडाभर ती मनाने बसली नव्हती. वाट बघत होती.

मेसेजमध्ये कारण नाही. मावशींना विचारलं, कारण का नाही? त्या म्हणाल्या, तिकडे कारण विचारायला बंदी आहे. म्हणजे माझं वाक्य पुलापलीकडे बेकायदेशीर आहे.

मावशींनी त्यांच्या डब्यातलं अर्धं माझ्यासमोर सरकवलं. खाल्लं. काय होतं ते आठवत नाही.

९ एप्रिल, बुधवार

सभासद १. गाणी दोनशे चौदा. तिची होती ती पण माझ्याकडेच राहिली. तिने यादीला हातही लावला नाही. म्हणजे तिला

(इथे थांबलो.)

११ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४.१०

फॉर्म भरायला घेतला. साहेबांनी लवकर सोडलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, मागच्या वर्षाचे गुण, सगळं झालं. नववा रकाना: 'शिक्षण मध्येच सोडण्याचे कारण.'

४.३०. सरांनी खोटा आळ घेतला, असं लिहिलं. खोडलं.

४.४५. कुणी हाक मारली नाही, असं लिहिलं. हे तर फारच झालं. खोडलं.

५.०२. वेबसाइट बंद झाली. आम्ही फोनवर कारण विचारतो तेव्हा लोक इतका वेळ का गप्प बसतात, ते कळलं.

१२ एप्रिल, शनिवार. दुपार

सुट्टी. आज ठरवलं, आपणही सोडायचं. प्लॅन, यादी, सगळं. एकदाच, मर्दासारखं. उद्या पलीकडे जायचं नाही हे ठरवावं लागलं नाही. निळा शर्ट अजून इस्त्रीच्या घडीतच आहे.

मी अलीकडचा. मला बटण नाही. तो चौकोन साहेबांच्या स्क्रीनवर रिकामाच आहे. म्हणून नंबर लावला. आमचाच.

बासरी सतरा मिनिटं. मग एक नवी मुलगी, सोमवारी लागलेली, आठव्या टेबलावरची. तिने मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं नाही, खातेनंबर सांगितला. पहिला प्रश्न विचारला. मी म्हटलं, नाही, सोडायचंय. दुसरा, तरी ठाम. मनात म्हटलं, आता तिसरा येणार, आपल्याला पाठ आहे, आपण काही गिऱ्हाईक नव्हे.

ती थोडी अडखळत वाचत होती. "जाण्याआधी एवढंच सांगा, इथे तुम्हाला कधीच बरं वाटलं नाही का?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. नेहमी मीच विचारत आलो.

मी म्हटलं, "वाटायचं."

मग ती म्हणाली की एक महिना ठेवून तर बघा. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, सभासद एकच दिसतोय, तुम्हाला एकट्याचा प्लॅन देऊ का, तो सोयीचा पडेल. मी म्हटलं, नको, दोघांचाच राहू दे. आणखी काही मदत हवी आहे का, असं तिने विचारलं. मी विचारलं, तुमचं जेवण झालं का? हे पुस्तिकेत नाही. ती गोंधळली, विचारून सांगते म्हणाली आणि बासरी लागली. परत आली तेव्हा म्हणाली, हो, झालं.

शेवटी सेवेला गुण द्या म्हणून आवाज आला. पाचपैकी पाच दिले.

सगळा मिळून बत्तीस मिनिटांचा कॉल. या महिन्यातला माझा सर्वांत मोठा. फोन ठेवला तेव्हा दिसलं, तेवढ्यात आईचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते.

उद्या करतो.